उपाशीपोटी : होय

"लागू नाही" हे दोन शब्द तोंडातून काढताना कुमुद मगदूमला आता काहीच वाटत नसे, आणि काही वाटत नाही याचंच तिला अलीकडे फार वाटायला लागलं होतं. मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात ती नमुना-कक्षाची प्रमुख होती. रुग्णालयाचं नाव घेऊन काय करायचं? तिथली माणसं काही वाईट नव्हती. सकाळी रक्ताचे नमुने घ्यायचे आणि दुपारी आधीच्या नमुन्यांचे निकाल सांगायचे, असा तिचा दिवस. खरं तर निकाल सांगणं हे डॉक्टरांचं काम. पण बाईंची वाणी गोड आहे, माणसं त्यांचं ऐकून घेतात, असं पहिल्याच वर्षी कुणीतरी म्हणालं आणि गोड वाणीचं बक्षीस म्हणून हे कडू काम कायमचं तिच्या गळ्यात पडलं. निवृत्तीला सात महिने उरले होते. बाकीचे तिच्यासाठी ते दिवस मोजत. तिच्यात तेवढाही उत्साह उरला नव्हता.

निकाल देणाऱ्या यंत्राला कागदोपत्री प्रथिनमापक म्हणत. कुमुद त्याला खानेसुमारी म्हणायची.

"हे बघा," ती नातेवाइकांना सांगे, "शरीरातली एक पेशी म्हणजे एक गाव समजा. गावाचा नकाशा म्हणजे जनुकं. तो जन्मापासून मरेपर्यंत तोच. पण आज गावात कोण कामावर आलंय आणि कोण नाही, ते नकाशात दिसत नाही. कामं करणारी माणसं म्हणजे प्रथिनं. कुणी पाणी सोडतं, कुणी रस्ता झाडतं, कुणी वेशीवर राखण करतं. आजार होतो तेव्हा बहुतेक यांतलाच कुणीतरी बिघडलेला असतो. आणि औषध जातं तेही यांतल्याच कुणाला तरी भेटायला. तोच घरी नसेल तर औषध दार वाजवून परत येणार."

यंत्र चार थेंब रक्तातून हजारो प्रथिनांची मोजदाद करी आणि कुठलं औषध या माणसात काम करील, ते तासाभरात सांगे. आपण औषध लागू पडणं म्हणतो, तोच शब्द सरकारच्या औषधयोग्यता मंडळाने उचलला होता. कागदाच्या तळाशी ठळक अक्षरांत एवढंच छापून येई: लागू, किंवा लागू नाही.

सगळ्यात जास्त मागणी होती ती हाडांच्या मगजातल्या कर्करोगावर आलेल्या नव्या औषधाला. त्याचं खरं नाव कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून महिन्याभरात लोकांनी त्याची जोडगोळी करून टाकली. नाव चपखल होतं. त्या औषधाच्या रेणूला दोन टोकं. एका टोकाने तो माजलेल्या प्रथिनाला धरतो, दुसऱ्याने पेशीतल्या झाडूवाल्या प्रथिनाला, आणि दोघांची गाठ घालून देतो. पुढचं काम झाडूवाल्याचं. तो माजोऱ्याला कचरा समजून उचलून नेतो. औषध स्वतः काहीच करत नाही, मध्यस्थी तेवढी करतं. म्हणून पेशीत झाडूवाले पुरेसे असावे लागतात. ते ठरावीक आकड्याच्या खाली असले की लागू नाही.

औषध मोजकंच बनत होतं. सुरुवातीला लोक लागू येईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासण्या करून घेत. मग मंडळाने नियम केला, एका माणसाला एकच तपासणी. दुसरी हवी असेल तर नमुना घेणाऱ्याने पहिला नमुना सदोष होता असं कारणासह, सहीनिशी लिहून द्यायचं. गेल्या तीन वर्षांत कुमुदवर तशी वेळ आली नव्हती. तिचा हात सुईला पक्का होता.

त्या भाद्रपदात तिची थोरली जाऊ त्रिशला तिच्यासमोर हात पुढे करून बसली.

त्रिशलेला सगळे अक्का म्हणत. कुमुद लग्न होऊन समडोळीला आली तेव्हा सून नोकरीला जाणार म्हणून घरात धुसफूस झाली होती. तेव्हा अक्काने सासूला सांगितलं, "तिच्या वाटणीच्या भाकरी मी थापतो." त्या भागातल्या जुन्या बायकांसारखी अक्का "मी आलो, मी गेलो" असंच बोलायची. बोलली आणि पुढे अकरा वर्षं थापल्या, कधी बोलून दाखवलं नाही. आता दोघींचेही नवरे गेले होते. अक्काचा मुलगा परदेशी होता आणि ती समडोळीच्या घरात एकटी राहत होती. उन्हाळ्यात तिच्या पाठीत कळा यायला लागल्या, त्या याच आजाराच्या निघाल्या.

"उपाशीपोटी आहात ना?" कुमुदने विचारलं. सख्ख्या जावेलाही तोच प्रश्न, त्याच सुरात.

"व्हय."

कुमुदने चौकोनात खूण केली. उपाशीपोटी: होय. अक्काचा हात गार होता, शीर सापडायला वेळ लागला. आजारपणामुळे असेल, असं कुमुदला वाटलं.

निकाल आला तो लागू नाही असाच.

डॉक्टरांची सही व्हायला दोन दिवस गेले. तो कागद घेऊन कुमुद समडोळीला गेली. पर्युषणाचे दहा दिवस चालले होते. बस्तीतून, म्हणजे गावातल्या जैन मंदिरातून, पूजेचा आवाज येत होता. एके काळी कुमुदही या दिवसांत एकदाच जेवायची. साखरेचं दुखणं लागलं आणि ते सुटलं. अक्काला तर डॉक्टरांनी बजावलं होतं, यंदा उपवास अजिबात नाही. अक्काने मान हलवली होती. ती होकारार्थी होती असं सगळ्यांनी आपापलं धरून चाललं.

कुमुदने येताना मुगाची खिचडी आणली होती. "दोन घास खाऊन घ्या, मग बोलू."

"ठेव तिकडं."

कुमुद पेला घ्यायला स्वयंपाकघरात गेली. शेगडी कोरडी ठणठणीत होती. फ्रिजमध्ये दुधाच्या पाच पिशव्या, एकही फोडलेली नाही. पीठ मळायची परात पालथी घातलेली. पेला न घेताच ती बाहेर आली.

"अक्का, कधीपासून?"

"पयल्या दिवसापास्नं. दुपारी एकदा तापवलेलं पाणी घेतो." अक्का भिंतीला टेकून बसली होती. "कुणाला बोललो न्हाई. बोललो आसतो तर तुमी करू दिलं आसतं व्हय?"

"मी विचारलं होतं तुम्हाला. सुई टोचायच्या आधी विचारलं होतं."

"तू इचारलंस, उपाशीपोटी हाईसा का. मी व्हय म्हटलं. ह्या दिवसांत खोटं कोण बोलतंय?"

नमुना घेतला तो अक्काच्या उपवासाचा पाचवा दिवस होता. कुमुदने अंगणात येऊन डॉक्टर नसरीन जमादारांना फोन लावला. त्या रक्तविकार विभागाच्या प्रमुख. वयाने कुमुदपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण हुशार आणि मनाने चांगल्या.

"पाच दिवस नुसतं पाणी?" डॉक्टरांनी विचारलं. "कुमुदताई, मग आपण मोजलं ते अक्कांचं नेहमीचं गाव नव्हेच. एका रात्रीची भूक पेशीला फारशी जाणवत नाही. पण दोन-तीन दिवस काहीच आलं नाही, की ती कारभार बदलते. बाहेरून येत नाही तर घरातलं मोडून खायला लागते आणि काही कामगारांना रजा देते. झाडूवाला त्यात पहिला असणार. नीट जेवायला लागलं की दोन-तीन आठवड्यांत येतो परत."

"यंत्र बनवणाऱ्यांना हे माहीत नव्हतं?"

"असेल की. त्यांच्या मूळ अर्जात 'दहा तास अन्न घेतलेले नाही' असं आहे. मराठी करताना कुणीतरी त्याचं 'उपाशीपोटी' केलं. चूक तरी कशी म्हणायची? शब्द बरोबरच आहे. त्यांच्याकडची माणसं रात्री जेवून सकाळी येतात. आपल्याकडे कोण किती दिवसांचं उपाशी आहे, ते विचारायचं मलाही सुचलं नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "घाबरू नका. उद्या लिहून द्या, नमुना गोठला होता म्हणून. असं होतंच. पर्व संपलं की अक्कांना जेवू घाला, तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना घेऊ. मी सही करते."

कुमुदला इतकं हलकं वाटलं की ती तिथेच पायरीवर बसली. देव पावला म्हणतात तो असा.

ते हलकेपण मिरजेच्या एसटीत बसेपर्यंत टिकलं. गाडी सुरू झाली आणि तिला हौसाबाई आठवली.

हौसाबाई खोत, कवठे महांकाळकडची. दोन वर्षांपूर्वी, आश्विनात आली होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी, सोबत मुलगा. उपाशीपोटी आहात ना विचारल्यावर तिने दिलेलं उत्तर कुमुदला शब्दन् शब्द आठवलं. "उपाशीच हाय की. नवरातर हाय न्हवं? आज सातवी माळ." आणि कुमुद हसून म्हणाली होती, "बरं झालं, म्हणजे खाऊन आलात का विचारायला नको." असं म्हणत तिने खूण केली होती. आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं, अशी स्वतःची समजूत घालायची सोय तिला नव्हती. त्या बाईने सांगितलं होतं आणि कुमुदने ते ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता संगणकासमोर बसली. जोडगोळीचे तीन वर्षांतले नकार दोनशे चौदा. त्यांच्या तारखा तिने पंचांगाशी लावून पाहिल्या. नवरात्र, श्रावण, पर्युषण, नुसत्या पाण्यावर काढायचे आणखी किती दिवस. संशयाची नावं एकसष्ट निघाली. त्यांतली तेवीस माणसं आता हयात नव्हती. हौसाबाई पुढच्या उन्हाळ्यातच गेली होती.

तिने यादी डॉक्टरांपुढे ठेवली.

डॉक्टरांनी ती वाचली, चष्मा काढला, डोळे चोळले. "ताई, खरं लिहिलंत तर मंडळ सगळ्यांना परत बोलावणार. तारखेच्या क्रमाने. अक्का शेवटी येणार. दोन-अडीच महिने तरी जातील. त्यांचं दुखणं तेवढं थांबेल असं मी सांगू शकत नाही."

"माहीत आहे."

"जे गेलेत, त्यांचं रक्त आपल्याकडे नाही. त्यांना लागू पडलं असतं की नाही, ते कधीच कळणार नाही. त्यांच्या घरी काय सांगणार? आणि तुमचे सात महिने?"

"ते नाही हो मनात," कुमुद म्हणाली. "मला फक्त थकल्यासारखं झालंय." आणि ते अगदी खरं होतं. तिला त्या क्षणी चांगुलपणाही नको होता आणि शिक्षाही. कुठेतरी जाऊन आडवं व्हावं, एवढंच वाटत होतं.

पण ज्याचा जीव त्याला विचारायला हवं. पर्व संपून अक्काचं पारणं झालं त्या दिवशी कुमुदने तिला चमच्याने मुगाचं पाणी पाजलं आणि सगळं सांगितलं. गोठलेला नमुना, तीन आठवडे, हेही सांगितलं. एकसष्ट नावंही सांगितली.

अक्काने चमचा हाताने थोपवला. "त्यातली जित्ती किती हाईत?"

"अडतीस."

"आन् मी कितवी?"

"एकोणचाळिसावी. शेवटची."

"मग बसलीस कशाला? लौकर लिही. म्हंजे माझा नंबर बी लौकर यील." अक्का जरा हसली. मग तिचा चेहरा उतरला. "भ्या वाटतंय गं कुमुद मला. लई भ्या वाटतंय. पर लिही."

कुमुदने लिहिलं. "नमुना घेताना रुग्ण पाच दिवस नुसत्या पाण्याच्या उपवासावर होता. मी उपाशीपोटी आहात का एवढेच विचारले. अशाच प्रकारे घेतले गेल्याचा संशय असलेले आणखी एकसष्ट नमुने सोबतच्या यादीत आहेत. यांतील एका रुग्णाने उपवासाचे मला स्पष्ट सांगितले होते व ते मी दुर्लक्षिले." खाली सही केली.

मंडळाचे लोक आठवड्याभरात आले. सभ्य माणसं होती, चहा घेतला, आवाज चढवला नाही. कुमुदच्या हातातली सुई काढून घेतली. अर्जावर नवा प्रश्न आला: गेल्या दहा दिवसांत काय खाल्ले? आणि तेवीस घरी जाऊन कळवायचं काम, बाईंची वाणी गोड म्हणून, कुमुदवरच आलं.

ती जात राहिली. कुठे लोक ओरडले, कुठे रडले, एकाने तोंडावर दार लावलं. एका म्हाताऱ्याने तिला पोहे खायला घातले आणि ती काय सांगायला आली होती ते त्याला शेवटपर्यंत नीट समजलंच नाही. इकडे जिवंत होते त्यांच्या तपासण्या क्रमाने चालल्या होत्या. अडतीसपैकी चौदा जणांचा निकाल फिरला. चौदा माणसं. डॉक्टरांनी तो आकडा तिला दोनदा सांगितला, तिला बरं वाटावं म्हणून. वाटलंही थोडं. पण घरी परतावं तर अक्का अंथरुणात असायची. कुमुदने तिला मिरजेला आपल्याकडे आणलं होतं. दिवाळीपर्यंत ती काठी घेऊन चालत होती, नंतर तेही गेलं. कूस बदलताना ती दात आवळून घेई. कुमुदला वाटायचं, एक ओळ खोटी लिहिली असती तर ही आज हिंडती-फिरती असती. असं वाटायचं आणि लाज वाटायची, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटायचं.

मार्गशीर्षात अक्काचा नंबर लागला. निकालाच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून राहणं कुमुदला जमेना. फोन करा, असं डॉक्टरांना सांगून ती यादीतल्या शेवटच्या घरी गेली. बावीस घरं करून झाली होती. हे एक ती टाळत आली होती.

हौसाबाईचा मुलगा तानाजी गावाच्या फाट्यावर ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या बदलून द्यायचं दुकान चालवत होता. त्याने तिला ओळखलं. बाकावर बसायला सांगितलं, पाणी दिलं. तिने सगळं सांगितलं. सातवी माळ सांगितली, आपण हसलो होतो तेही सांगितलं.

"म्हंजे आई वाचली आसती?"

"माहीत नाही. पुन्हा तपासायला हवं होतं. आता कळायला मार्ग नाही."

"मग सांगायला कशापायी आला?"

"तुम्हाला खरं ते कळायला हवं म्हणून."

तानाजी हातातल्या पान्याकडे बघत राहिला. "औषदच लागू पडत न्हाई म्हटल्यावर मी गप बसलो हुतो, बाई. आपण काय कमी केलं न्हाई, एवढं मनाशी धरून हुतो. ते बी आज तुमी घिऊन चालला."

बावीस घरांतल्या शिव्या-शापांनी झालं नव्हतं ते या एवढ्याशा बोलण्याने झालं. खरं बोलून आपण मोकळे होतो आणि ओझं दुसऱ्याच्या दारात टाकून येतो, हे तिला तिथे बसल्या बसल्या कळलं.

"माझ्या पोरीचा ताप उतरत नव्हता तवा," तानाजी म्हणाला. "म्हणून आईनं नऊ दिवस धरलं हुतं. मीच म्हणलो, धर."

"चूक तुमची नाही. त्यांचीही नाही. त्यांनी मला सांगितलं होतं. चूक माझी आहे."

तेवढ्यात कुमुदचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला, ऐकला, "बरं" म्हणून ठेवला. निकाल लागू असा होता. उद्यापासून जोडगोळी सुरू. तिच्या छातीत आनंद इतक्या जोराने उसळला की तिला त्या माणसासमोर तोंड लपवावंसं वाटलं.

"कुणाचा हुता?"

खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "माझ्या जावेचा निकाल आला. तिच्या बाबतीतही मी तीच चूक केली होती. तिला औषध लागू पडतंय."

एक ट्रॅक्टर आला, त्याला तानाजीने हातानेच थांब म्हणून खूण केली.

"जेवत्यात का त्या आता नीट?" त्याने विचारलं.

इतक्या वर्षांत इतक्या माणसांचे हात हातात घेऊन कुमुदने हे कुणालाच विचारलं नव्हतं.

"जेवतात," ती म्हणाली.